मार्केन : समुद्र गेला, गाव राहिलं

नेदरलँड्सला ताईकडे जायचं दोन वर्षं नुसतं बोलणंच चाललं होतं, शेवटी या एप्रिलमध्ये जमलं. ताई म्हणजे माझी मावसबहीण, ॲमस्टेलवेनला राहते. ट्यूलिपच्या बागा, ॲमस्टरडॅमचे कालवे वगैरे सगळं केलंच, पण त्याबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय म्हणून ते सोडून देते. मला लिहायचंय ते मार्केन नावाच्या एका छोट्या गावाबद्दल, जिथे आम्ही दोन रात्री राहिलो.

मार्केनच का, तर आमचं दोघींचं आजोळ अलिबागच्या खारेपाटातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खाडीला बांध घालून, खारं पाणी बाहेर ठेवून जी भातशेती केली जाते तो हा पट्टा. लहानपणी सुट्टीत गेलं की अमावस्या-पौर्णिमेला मोठ्या माणसांच्या बोलण्यात एकच विषय, उधाण किती चढणार आणि बांध धरेल का. बांधाला खांड गेली की आजोबा आणि गावातले पुरुष कंदील घेऊन रात्रीच जायचे, चिखल आणि पेंढा घालून ती बुजवायला. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भात धड पिकत नाही. त्यामुळे ताईनं फोनवर सांगितलं की "अगं इथे एक गाव आहे, आपल्या खारेपाटासारखंच, फक्त यांनी घरंच टेकाडावर नेऊन ठेवलीत", तेव्हाच माझं ठरलं होतं.

दिवस पहिला, २६ एप्रिल

ॲमस्टरडॅम नूर्ड मेट्रो स्टेशनवरून ३१५ नंबरची बस थेट मार्केनला जाते. शहर संपलं की दोन्ही बाजूला हिरवीगार सपाट कुरणं, मधेमधे पाण्याचे चर, गाई, मेंढ्या, आणि ठिकठिकाणी रस्त्यापेक्षा चरातलं पाणी वर आहे की काय असं वाटत राहतं. आणि मग बस एका बांधावर चढते. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, मधे एवढासा रस्ता, समोर दूरवर काळसर-हिरव्या घरांचा पुंजका. हा बांध १९५७ साली झाला, तोपर्यंत मार्केन हे बेट होतं. नवरा म्हणाला, "वरळी सी लिंकसारखं वाटतंय." मला मात्र आजोळच्या बांधावरून सायकलनं जायचो तेच आठवत होतं.

उतरल्या उतरल्या वारा असा काही लागला की टोपी हातात धरूनच चालावं लागलं. ऊन लख्ख, तापमान नऊ-दहा अंश, आणि वाऱ्यात तेच चार अंश वाटत होतं.

गाव एकसंध नाहीये. मधे सगळी सखल कुरणं आणि त्यातून वर आलेली थोडी थोडी टेकाडं, प्रत्येक टेकाडावर घरांची दाटी. या टेकाडांना ते वेर्फ म्हणतात. माणसांनी हातानं माती टाकून टाकून उभी केलेली आहेत ती. त्यातली दोन मोठी, बंदराजवळची हाव्हनब्यूर्ट आणि चर्चजवळची केर्कब्यूर्ट, बाकीची लहान. पूर्वी आणखीही होती, काही समुद्रानं नेली.

हे असं का, ते समजायला थोडा भूगोल सांगायलाच हवा. हा सगळा भाग मुळात पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या भुसभुशीत मातीचा. अशा जमिनीतलं पाणी काढून शेती केली की ती वाळते, दबते आणि खाली बसत जाते. मध्ययुगात लोकांनी तेच केलं, जमीन खचत गेली, आणि बाराव्या-तेराव्या शतकात एकामागून एक वादळी पूर आले त्यात उत्तरेचा समुद्र आत घुसला. त्यातून झायडर झी नावाचा देशाच्या पोटात शिरलेला उथळ खारा समुद्र तयार झाला आणि मार्केन मुख्य जमिनीपासून तुटलं. तेराव्या शतकात फ्रिसलंडमधल्या एका मठातल्या साधूंनी इथे वस्ती करून बांध घातले. पण पायाखाली पीट आणि चहूकडे समुद्र, त्यामुळे उंच भक्कम बांध इथे कधी झालाच नाही. भोवती एक बुटका कठडा, तो उन्हाळ्यापुरता. हिवाळ्यात पाणी कठड्यावरून आत यायचं, कुरणं बुडायची, आणि लोक टेकाडावर बसून राहायचे. अशा जमिनीत धान्य काय पिकणार, त्यामुळे गवत कापून विकायचं आणि बाकी सगळं मासेमारीवर.

पुढे माणसं वाढली, टेकाडं अपुरी पडली. मग लोकांनी उतारावर आणि खाली लाकडी खांब ठोकून त्यावर घरं बांधली, पुराचं पाणी घराखालून निघून जायचं. हाव्हनब्यूर्टमध्ये ही घरं अजून ओळीनं उभी आहेत. खालची मोकळी जागा नंतर फळ्या लावून बंद केलीये, तिथे आता सायकली, स्टोअररूम असं काहीबाही. पण एका घराची खालची फळी निघालेली होती, मी वाकून पाहिलं. जाड चौकोनी खांब, वरून वाळलेले, खाली जमिनीला टेकतात तिथे काळे पडलेले, आणि त्या काळ्या भागाची रेघ माझ्या कमरेच्या जराशी वर. ती ओलीनं आलेली की डांबराची, काय माहीत. मी बराच वेळ तिथे उकिडवी बसून होते.

सगळी घरं लाकडाची, आता बहुतेक हिरवी आणि पांढऱ्या पट्ट्यांची, पूर्वी डांबर फासलेली काळी असायची. वीट जड पडते, भुसभुशीत जमिनीला लाकूडच झेपतं.

दुपारी केर्कब्यूर्टमधलं म्युझियम पाहिलं. धुराच्या जुन्या घरांची रांग जोडून ते केलंय, म्हणजे घराला चिमणी नाही, मधे चूल, धूर छपराच्या भोकातून बाहेर आणि त्याच धुरात वर टांगलेले मासे. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीतच कपाटासारखे पलंग, त्यावर नक्षीचे अभ्रे आणि भिंतभर चिनी मातीच्या थाळ्या. एवढ्याशा जागेत केवढा तो थाटमाट! आजीच्या मांडणीवरची घासून लखलखीत केलेली पितळेची भांडी आठवली मला.

राहायला एका घराच्या माडीवर खोली घेतली होती. घरमालकीण ऐंशीच्या पुढच्या, आम्ही त्यांना आजीच म्हणायला लागलो आणि ताईनं त्याचा अर्थ सांगितल्यावर त्यांनाही ते आवडलं. जिना इतका उभा की शिडीच म्हणा, बॅगा दोर लावून वर घेतल्या.

रात्री बंदरावर किबलिंग खाल्लं. माशाचे तुकडे पिठात बुडवून तळलेले, वर मसाला भुरभुरवलेला आणि सोबत लसणीचं सॉस. आपल्या तोंडाला लगेच रुचतं, आम्ही दोन प्लेट संपवल्या. दुसरी खास गोष्ट म्हणजे धुरावलेला ईल, आपण वाम म्हणतो साधारण तसा लांबट मासा. पावावर घालून देतात, तेलकट, खमंग, जरा जास्तच तेलकट. पण युरोपातला हा ईल आता फार कमी झालाय, अति धोक्यातल्या जातींमध्ये धरतात, त्यामुळे मी एकाच घासावर थांबले.

जाणार असाल तर थोडं कामाचं : बसमध्ये आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, चढताना टॅप करायचं तसंच उतरतानाही आठवणीनं करायचं, नाहीतर जास्त पैसे कापतात. गाडीनं गेलात तर गावाच्या तोंडाशी मोठं पार्किंग आहे, तिथेच लावा, आतल्या गल्ल्या चालायच्याच आहेत. व्होलेंडामहून बोटही येते, अर्ध्या तासाची. आमचा एक बोटीचा बेत वाऱ्यामुळे रद्द झाला, तर दिवसाचं गणित बोटीवर बांधू नका. आणि हो, खिडक्यांना पडदे नसतात, आत लोक जेवत बसलेले दिसतात. म्हणून काचेला नाक लावून फोटो काढू नका, साधारण अठराशे लोकांचं राहतं गाव आहे ते. आमच्यासमोर एकानं ते केलं आणि आतल्या बाई उठून दुसऱ्या खोलीत गेल्या, मलाच वाईट वाटलं.

दिवस दुसरा, २७ एप्रिल

राजाचा वाढदिवस, म्हणजे किंग्ज डे. ॲमस्टरडॅममध्ये या दिवशी प्रचंड गर्दी असते म्हणून आम्ही मुद्दाम गावात राहिलो होतो, इथे काय असेल याची कल्पना नव्हती. सकाळी खिडकी उघडली तर खालून बँडचा आवाज, आणि गल्लीतून पारंपरिक वेशातल्या बायका, पोरं, म्हातारे चाललेले. रोज हा वेश आता कुणी घालत नाही, पण आजच्या दिवशी कपाटातून बाहेर निघतो, त्यावर नारंगी रंगाचं काहीतरी हवंच कारण राजघराण्याचा रंग नारंगी.

आजीही तयार होऊन खाली आल्या. थरावर थर, डोक्याला टोपी, छातीवर फुलाफुलांचं कापड. त्यांनी मला हात लावून बघायला दिलं. लाल फुलं, निळसर पानं, कापड झिजून मऊ झालेलं आणि एका कडेला इतक्या बारीक टाक्यांनी रफू केलेलं की नखानं चाचपल्याशिवाय कळत नव्हतं. मी विचारलं हे कुठलं कापड, तर म्हणाल्या, "सिट्स." आणि मग हसून, "तुमच्याकडचंच आहे ते."

मला क्षणभर समजलंच नाही. मग ताई म्हणाली, "अगं चीट! चिटाचं कापड!" सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं कोरोमंडल किनाऱ्यावरून, मच्छलीपट्टणमच्या बाजूनं, हातानं रंगवलेलं सुती कापड इकडे आणायची, आणि त्याचं नाव तिकडून इकडे येता येता सिट्स झालं. पुढे युरोपातच छापील कापड निघायला लागलं आणि आजींच्या अंगावरचंही कदाचित ते नंतरचंच असेल, पण शब्द तोच राहिला. आमची आजी चिटाचं पोलकं घालायची. पार समुद्रापलीकडच्या एका कोळ्यांच्या बेटावर तोच शब्द एका म्हातारीच्या तोंडून ऐकला आणि डोळ्यात पाणीच आलं माझ्या.

आणखी एक गंमत कळली. पूर्वी मार्केनमध्ये सहा-सात वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी दोघांना झग्यासारखा जवळजवळ सारखाच पोशाख असायचा, बारकावे माहीत असतील त्यालाच फरक कळायचा. आणि लग्न ठरलं की नवरामुलगा नवरीसाठी लाकडी बूट स्वतः कोरायचा, त्यावर बारीक नक्षी. म्युझियममध्ये असा एक जोड आहे, काल मी त्यापुढून सरळ निघून गेले होते.

रस्त्यावर पोरांनी चटया टाकून जुनी खेळणी, पुस्तकं विकायला मांडली होती, किंग्ज डेला हे सगळीकडे चालतं. नवऱ्यानं एका सात-आठ वर्षांच्या मुलाकडून पन्नास सेंटला एक लाकडी होडी घेतली. तोंपूस नावाचा क्रीमचा पेस्ट्रीसारखा प्रकार असतो, एरवी वर गुलाबी आयसिंग असतं, आज सगळीकडे नारंगी. खाताना क्रीम चारी बाजूंनी बाहेर येतं, ते कसं खायचं यावर डच लोकांचंही एकमत नाही म्हणे. मधेच दहा मिनिटं गारा पडल्या, सगळे छपराखाली, बँडवाले तुताऱ्या पोटाशी धरून उभे, आणि लगेच परत ऊन. एप्रिल इथे असाच असतो, जॅकेट वॉटरप्रूफच आणा, छत्री या वाऱ्यात टिकत नाही.

दुपारी बांधावरून अख्ख्या बेटाला चक्कर मारली. साधारण नऊ किलोमीटर, रमतगमत अडीच-तीन तास. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कुरणं, आणि पक्षी तर इतके की नाव माहीत नसलेल्यांची मोजदाद सोडून दिली. बांधाच्या दगडांवर वाकून मी बोट बुडवून पाणी चाखलं. अजिबात खारट नाही. हे माहीत होतं तरी चाखून पाहिल्यावर विचित्र वाटलं, कारण लाटा, वास, वारा, दगड, सगळं समुद्राचं आणि चव विहिरीची.

पूर्वेच्या टोकाला दीपगृह आहे, त्याला मार्केनचा घोडा म्हणतात, लांबून मनोरा म्हणजे मान आणि लागून असलेलं घर म्हणजे पाठ असं दिसतं म्हणून. आताचं १८३९ सालचं. हिवाळ्यात इथलं पाणी गोठलं आणि वारा सुटला की बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत चढत किनाऱ्यावर डोंगर होतो, १९७१ साली तो दीपगृहापर्यंत येऊन धडकला होता. सध्या त्यात लोक राहतात, आत जाता येत नाही, पण बाहेर गवतावर बसून डबा खायला जागा छान आहे. आम्ही घावन आणि लोणचं नेलं होतं.

उत्तरेकडे पाण्यात घुसलेला बांधाचा एक लांब तुकडा दिसतो, कुठेच न पोचणारा. १९४१ मध्ये हा सुरू केला होता, मार्केनच्या भोवतीचा सगळा जलाशय आटवून तिथे शेतजमीन करायची म्हणून. युद्धामुळे काम थांबलं. १९५७ चा तो मुख्य भूमीला जोडणारा बांधही त्याच योजनेचा भाग होता. पुढे एन्कहाउझन ते लेलिस्टाड असा मोठा बांध १९७५ मध्ये झाला, पण तोवर लोकांना त्या पाण्याचं मोल वाटायला लागलं होतं, वाद होत राहिले आणि जमीन करायचा बेत शेवटी सोडूनच दिला. नाहीतर मार्केन आज मक्याच्या-बटाट्याच्या शेतांमधलं एक टेकाड असतं.

संध्याकाळी नऊपर्यंत उजेड. आजींनी कॉफी केली, ताईनं आणलेली चकली त्यांना फार आवडली, आणि मग मी हळूच १९१६ चा विषय काढला.

१९५३ चा झीलंड या नैऋत्येच्या प्रांताकडचा पूर जगाला माहीत आहे, त्यात एकट्या नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. मार्केनचा घाव त्याआधीचा. १३ जानेवारी १९१६ च्या रात्री वायव्येकडून वादळ आलं, झायडर झीचं पाणी किनाऱ्यावर चढलं, ठिकठिकाणी बांध फुटले. मार्केनमध्ये १६ माणसं मेली. एवढ्याशा बेटावर सोळा म्हणजे प्रत्येक घरात कुणाचं तरी कुणी. आजींची आजी तेव्हा तरुण होती. तिनं सांगितलेलं त्यांना आठवत होतं की पाण्याला ते घाबरत नव्हते, पाणी दर हिवाळ्यात यायचंच. त्या रात्री भीती होती ती बंदरातल्या सुटलेल्या होड्यांची. घराच्या फळ्यांवर होड्या येऊन आपटायच्या, अंधारात, आणि प्रत्येक धडकेला वाटायचं आता घर खांबावरून उतरणार. हे सांगताना आजींनी टेबलावर तळहात आपटला, एकदा, मग थांबून परत एकदा. घरात कुणी काही बोललं नाही.

मी त्यांना आमच्या आजोळचं सांगितलं. बांध, उधाण, खांड, पेंढा. त्यांनी नीट विचारून घेतलं, पाणी किती चढतं, दगड लावता का, बांध कोण सांभाळतं, सरकार की गाव. एवढे मुद्द्याचे प्रश्न मला मुंबईतही कधी कुणी विचारले नव्हते.

कॉर्नेलिस लेली नावाच्या इंजिनिअरनं झायडर झीचं तोंडच बंद करायचा आराखडा १८९१ लाच करून ठेवला होता. खर्च बघून सगळे मागेपुढे करत होते. १९१६ चा पूर आणि त्यातच पहिल्या महायुद्धातली अन्नटंचाई, यामुळे १९१८ मध्ये कायदा झाला, तेव्हा लेली स्वतःच मंत्री होते. २८ मे १९३२ ला ३२ किलोमीटरच्या बांधातली शेवटची फट बुजली आणि झायडर झी हा समुद्र नकाशावरून गेला. त्याचं तळं झालं. काही वर्षांत पाणी गोडं झालं, हेरिंग गेला, अँचोव्ही गेला. कोळ्यांना मदत म्हणून १९२५ मध्ये कायदा केला होता, पण आजी म्हणाल्या, पैसे मिळून काय, त्यांच्या आजोबांना दुसरं कामच येत नव्हतं. "बांध झाला त्या वर्षी आजीला पहिल्यांदा रात्री शांत झोप लागली," त्या म्हणाल्या, "आणि आजोबांची झोप गेली."

यावर मी खूप विचार केला. पर्यटकांना दाखवायला मांडलेलं गाव म्हणून लोक याच्याकडे बघतात, लाकडी बूट, टोप्या, फोटो. कोळी संपल्यावर गावानं जगायला जे धरलं ते हे आहे. घर उघडून दाखवणं, वस्तू विकणं, हे तर बांधाच्याही आधीपासून चालू होतं. बंदरावर साय्त्ये बूस या बाईचं घर आहे, १८९५ चा जन्म, त्या पाहुण्यांना घर दाखवायच्या आणि वस्तू विकायच्या, त्यासाठी देशभर ओळखल्या जायच्या. काही लोक याला खोटं-खोटं गाव म्हणतात, मला ते पटत नाही.

दिवस तिसरा, २८ एप्रिल

ताईचे यजमान गाडी घेऊन आले आणि आम्ही झायडर झी बंद करणारा तो ३२ किलोमीटरचा बांधच बघायला निघालो, आफ्स्लाउटडाइक. मार्केनहून तासाभराचा रस्ता. आजींनी निघताना नवऱ्याच्या हातात पावाचं पुडकं दिलं आणि मला तो चिटाचा एक लहान तुकडा, पोस्टकार्डाएवढा. मी नको नको म्हणत होते, त्यांनी तो माझ्या पर्समध्ये घातला.

बांधावर मधेच थांबायला जागा आहे, जिथे शेवटची फट बुजवली तिथे स्मारकाचा मनोरा. त्यावर लिहिलंय की जो देश जगतो तो आपलं भविष्य बांधतो. लेली १९२९ मध्येच गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. एका बाजूला वाडन समुद्र, राखाडी, भरती-ओहोटीचा, खारा, दुसऱ्या बाजूला आयसेलमीर, म्हणजे झायडर झीचं झालेलं तळं, गोडं. मधे बांध.

हा बांध केला कसा, ते वाचताना मी तिथेच थंडीत उभी राहिले. समुद्राच्या तळाशीच त्यांना एक चिवट, दगडगोटे मिसळलेली माती सापडली, हिमनद्यांनी आणून टाकलेली, ती पाण्यात विरघळत नाही. तीच टाकून भिंत उभी केली. त्याखाली तळाची वाळू वाहून जाऊ नये म्हणून वेळूसारख्या लवचीक विलोच्या काटक्या विणून मोठमोठ्या चटया केल्या, त्या पाण्यात बुडवल्या आणि वर दगड ठेवले. चटया हातानं विणलेल्या. आजोबा पेंढा आणि चिखलाचे थर देत होते, तीच अक्कल. आणि बांध झाल्यावर भरतीचं पाणी कुठे किती चढेल याचं गणित करायला हेंड्रिक लॉरेंट्झ, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ, आठ वर्षं समितीवर बसले होते. नुसत्या कागद-पेन्सिलीवर.

वाऱ्यात चहासुद्धा नीट पिता येत नव्हता म्हणून पुढे कोर्नवेर्डरझांटला गेलो, तिथे पाणी सोडायचे दरवाजे आहेत, त्यांना लॉरेंट्झचंच नाव आहे. इथे खाण्याची जागा आहे, स्वच्छतागृह आहे, मुलं बरोबर असतील तर इथेच थांबा. बांधावर बरीच वर्षं दुरुस्तीचं काम चाललंय, त्यामुळे रस्त्यावर वेळ जरा जास्त धरा.

इथेच मला या सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट दिसली. बांध फोडून त्यात माशांसाठी वाट करताहेत. साधारण चार किलोमीटरची वळणावळणाची नदी, जिच्यातून मासे खाऱ्यातून गोड्यात हळूहळू जातील, पण समुद्राचं खारं पाणी मात्र तळ्यात शिरणार नाही. नव्वद वर्षं ईल आणि इतर मासे या भिंतीवर येऊन थांबत होते. मला लगेच मार्केनच्या आजींचे आजोबा आठवले.

आम्ही उभे होतो तेव्हा ओहोटी लागली होती आणि दरवाजे वर उचललेले होते. आतलं तळ्याचं पाणी मोठ्या आवाजानं समुद्राकडे धावत होतं, पांढरा फेस, वर पाणकावळे नि बगळे टपून बसलेले. दरवाज्याच्या तोंडाशी बगळा बसणार हे तर आम्ही दोघींनी लहानपणापासून बघितलेलं. ताई आणि मी एकदमच म्हणालो, "उघाडी!"

आपल्याकडे बांधात लाकडी झडपा असतात, ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्याच दाबानं बंद होतात. ताईनं तिथूनच व्हिडिओ काढून मामाला पाठवला. मामानं सत्तर ओलांडली तरी अजून गावच्या उघाडीवर लक्ष ठेवतो. आम्ही गाडीत बसलो तेव्हा त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे कोंबडा ओरडत होता. नेदरलँड्स कसं आहे, थंडी किती, यातलं काही नाही. पहिलंच वाक्य, "दरवाजे एवढे मोठे, मग भरतीला बंद कोण करतं, रात्रपाळीला माणूस असतो का?" ताईनं गाडी चालू असतानाच टाइप केलं की मामा, कंट्रोल रूम आहे. दोन मिनिटांनी परत मेसेज. "आणि लाइट गेली तर?"

ते मात्र आम्ही विचारायला विसरलो होतो.